इकडे धारदार दगड, तिकडे वाळू: क्युरिऑसिटीची वाट का बदलली

डिसेंबर २०१३ च्या अखेरीस मंगळावरून जी छायाचित्रे आली, त्यांतल्या एकात नासाच्या क्युरिऑसिटी या रोव्हरचे, म्हणजे तिथे फिरणाऱ्या यंत्रगाडीचे, डावे पुढचे चाक होते. चाकाचा पत्रा फाटला होता आणि फाटलेली कड आत वळली होती. तोवर रोव्हर जेमतेम साडेचार-पावणेपाच किलोमीटर चालला होता. ज्या डोंगरासाठी त्याला एवढ्या लांब पाठवले, त्याचा पायथा अजून पुढेच होता. तिथे चाक बदलायला कोणी जाऊ शकत नाही. बदलता येण्यासारखी एकच गोष्ट हातात होती, ती म्हणजे वाट.

हे प्रकरण सहसा ‘चाके कच्ची निघाली’ एवढ्यावर संपवले जाते. मला ते चाकांइतकेच नकाशाचे प्रकरण वाटते. जुलै २०१३ ते सप्टेंबर २०१४ या काळात रोव्हर चालवणाऱ्या पथकाने वाट आखण्याची कसोटीच बदलली. आधी विचारले जायचे, रोव्हर इथून जाऊ शकेल का? नंतर विचारले जाऊ लागले, इथून गेलो तर चाके किती झिजतील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाताशी असलेल्या नकाशात नव्हते, आणि ते शोधताना जी धडपड झाली तीच इथे मांडतो.

जायचे कुठे होते

क्युरिऑसिटी ६ ऑगस्ट २०१२ रोजी गेल विवरात उतरला. विवराचा व्यास सुमारे १५४ किलोमीटर, आणि त्याच्या आत साडेपाच किलोमीटर उंचीचा माउंट शार्प. ओला मंगळ कोरडा कसा होत गेला, याची नोंद या डोंगराच्या तळच्या थरांत सापडेल, असा कयास होता. पण डोंगरावर थेट उतरणे शक्य नव्हते. यान नेमके कुठे टेकेल याचा अंदाज २० किलोमीटर लांब आणि ७ किलोमीटर रुंद लंबवर्तुळाएवढाच पक्का होता, आणि हे सगळे लंबवर्तुळ सपाट जमिनीवर बसणे भाग होते. तशी जमीन डोंगराच्या वायव्येला मिळाली. तिच्यात आणि डोंगरात काळ्या वाळूच्या टेकड्यांची रांग आडवी आली होती. ही रांग मरी ब्यूट्स नावाच्या जागी तुटते. तिथून आत शिरायचे, असा बेत होता.

उतरल्यावर पथक आधी जवळच, पूर्वेला, येलोनाइफ बे या खोलगट भागात गेले. २०१३ च्या पूर्वार्धात तिथल्या खडकाला भोके पाडून भुकटी तपासली, तेव्हा एकेकाळी तिथे सूक्ष्मजीव जगू शकतील असे पाण्याचे तळे होते असा निष्कर्ष निघाला. मोहिमेचा मुख्य हेतू त्या अर्थाने पहिल्या वर्षातच साधला होता. ४ जुलै २०१३ च्या सुमारास रोव्हर नैर्ऋत्येकडे वळला. पुढे सुमारे ८ किलोमीटरची चाल होती. वाटेत डार्विन, कूपर्सटाउन, किंबर्ली असे मोजके थांबे, आणि बाकी वेळ फक्त अंतर कापायचे.

नकाशात काय होते, काय नव्हते

वाट आखण्याचा मुख्य आधार म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रेकनसान्स ऑर्बिटर या यानावरचा हायराइज कॅमेरा. सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून तो अशी छायाचित्रे घेतो की एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे २५ ते ३० सेंटिमीटर. एकाच जागेची दोन वेगवेगळ्या कोनांतली छायाचित्रे जुळवली की चढउतारही मोजता येतात. दुसऱ्या ग्रहाची इतकी बारीक पाहणी त्याआधी कधीच झाली नव्हती. या छायाचित्रांवर पथकाने सुमारे दीड-दीड किलोमीटरचे चौकोन पाडले होते आणि प्रत्येक चौकोनाला पृथ्वीवरच्या एखाद्या जागेचे नाव दिले होते. चौकोनातल्या दगडांना, खिंडींना नावे मिळायची ती त्याच परिसरातली. म्हणून या प्रवासात आधी ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीची नावे भेटतात आणि पुढे एकदम डेथ व्हॅलीची.

या नकाशावरून मोठी वाट ठरे: तीव्र उतार टाळायचे, खोल वाळू टाळायची, मोठे दगड टाळायचे, आणि भूशास्त्रज्ञांना हव्या त्या जागांजवळून जायचे. रोजची वाट मात्र रोव्हरच्या स्वतःच्या डोळ्यांनी ठरे. दिवसाच्या चालीनंतर रोव्हरच्या उभ्या खांबावरचे नॅव्हकॅम, म्हणजे वाट पाहण्यासाठीचे, कॅमेरे आजूबाजूची जोडछायाचित्रे घेत. ती कक्षेतल्या यानांमार्फत पृथ्वीवर येत. मग कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, चालक त्यांवरून जमिनीचा त्रिमित आराखडा बनवत आणि पुढच्या दिवसाच्या आज्ञा लिहीत. संदेश एका बाजूने पोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात, त्यामुळे हातात काठी धरून गाडी हाकण्याचा प्रश्नच नाही. सगळी चाल आदल्या दिवशी लिहून ठेवायची. चित्रात स्पष्ट दिसते तिथवर चालक वाट आखून देत. त्यापुढे, ऑगस्ट २०१३ पासून, रोव्हर स्वतः थांबत, छायाचित्रे घेत, अडथळे चुकवत जाऊ लागला. ५ सप्टेंबरला त्याने एका दिवसात १४१.५ मीटर कापले. सगळे सुरळीत चालले आहे असेच कोणालाही वाटले असते.

आता ‘अडथळा’ म्हणजे काय, ते पाहा. या गाडीची रचनाच अशी की चाकाच्या उंचीएवढ्या दगडावरूनही ती जाऊ शकते. पोटाला लागेल किंवा गाडी धोकादायक कलेल, असे काही समोर आले तरच तो अडथळा. आठ-दहा सेंटिमीटरचा सुळा, म्हणजे टोकदार दगड, या व्याख्येत बसत नव्हता. हायराइजच्या चित्रात तर तो एका पिक्सेलपेक्षाही लहान. नॅव्हकॅमच्या चित्रात दिसायचा, पण त्याला चुकवायचे कारण कोणाकडे नव्हते. चाके फाडणारा दगड नेमका तोच होता.

पत्रा का फाटला

क्युरिऑसिटीचे वजन ८९९ किलो. त्याच्या आधीचे स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे रोव्हर पावणेदोनशे-एकशे पंच्याऐंशी किलोंच्या घरातले. मंगळावर गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के, तरी नवा रोव्हर आपल्या भावंडांच्या जवळजवळ पाचपट जड. सहा चाके, प्रत्येक ५० सेंटिमीटर व्यासाचे आणि ४० सेंटिमीटर रुंद, ॲल्युमिनियमच्या एकसंध ठोकळ्यातून कातलेले. प्रत्येकावर १९ नागमोडी कंगोरे, आणि कंगोऱ्यांच्या मधला पत्रा फक्त पाऊण मिलिमीटर जाड. पत्रा इतका पातळ ठेवण्यात बेफिकिरी नव्हती. ही चाके उतरताना गाडीचे पायही होती, हवेत लटकलेला रोव्हर थेट चाकांवर टेकला. तिथे वाढलेला प्रत्येक किलो पुढच्या सगळ्या गणितात वाढत गेला असता. ज्या परिस्थितीसाठी चाके तपासली, तिच्यात हा सुळा नव्हता, एवढेच.

मंगळावर सुटे दगड पुष्कळ आहेत. सुट्या दगडावर चाक चढले की तो सरकतो, कलंडतो, वाळूत दबतो. गेल विवराच्या या भागात मात्र तळखडकच वाऱ्याने कोरून निघाला होता. वाऱ्याबरोबर येणारी वाळू हजारो वर्षे घासत राहिली की मऊ भाग जातो आणि कठीण भाग टोकदार उरतो. हे सुळे जमिनीत घट्ट रुतलेले असतात, चाकाखाली ते हलत नाहीत. सगळा भार एका टोकावर येतो.

त्यात गाडीच्या सस्पेन्शनचा, म्हणजे चाके ज्यावर बसवली आहेत त्या सांगाड्याचा, हात होता. सहाही चाके स्वतंत्र मोटरवर फिरतात, पण एकमेकांना जोडलेल्या दांड्यांवर बसलेली असतात. पुढचे किंवा मधले चाक सुळ्याला अडले की मागची चाके त्याला रेटत राहतात, आणि दांड्यांच्या कोनामुळे तो रेटा चाकाला खालीही दाबतो. म्हणजे टोकावर येणारा जोर नुसत्या वजनापेक्षा बराच जास्त. चाकांची प्रवासी बॅग पुढे ढकलत उंबरठ्यावर नेली तर अडते, मागे ओढली तर सहज चढते, तसाच हा प्रकार. शिवाय कंगोऱ्यांमधला पत्रा प्रत्येक फेऱ्यात थोडा वाकतो आणि सरळ होतो. त्याने धातू थकतो आणि भोक नसलेल्या जागीही भेगा पडतात. डावीकडची पुढची आणि मधली चाके सर्वांत जास्त खराब झाली होती.

हे सगळे निदान लगेच हाती आले नाही. रोव्हरच्या हाताच्या टोकाला माहली नावाचा जवळून छायाचित्रे घेणारा कॅमेरा आहे. तो दगडांचे कण पाहण्यासाठी होता. आता हात वाकवून त्याला गाडीच्या पोटाखाली चाकांसमोर धरायचे, छायाचित्र घ्यायचे, गाडी थोडी पुढे न्यायची, पुन्हा छायाचित्र, असे करत चाकाचा पूर्ण घेर टिपायचा, हा नवा पाठ सुरू झाला. या चित्रांत नवी भोके मोजताना एक गंमत होती. प्रत्येक चाकात काही भोके कारखान्यातूनच होती. त्यांच्यामुळे वाळूत उमटणारा ठसा रोव्हर कॅमेऱ्यातून ओळखतो आणि खरोखर किती अंतर कापले हे ताडतो. मोर्स लिपीत ती भोके ‘जेपीएल’ असे वाचली जातात.

इकडे पृथ्वीवर जेपीएलच्या आवारातल्या मैदानात चाचण्या सुरू झाल्या. स्केअरक्रो नावाची एक चाचणी गाडी आहे. तिच्यात संगणक वगैरे काही नाही, आणि तिचे वजन असे ठेवले आहे की पृथ्वीवर तिच्या चाकांवर तेवढाच भार येतो जेवढा मंगळावर क्युरिऑसिटीच्या चाकांवर. टोकदार दगडांवरून चाके पुन्हा पुन्हा नेऊन कोणत्या जमिनीवर किती झीज होते ते पाहिले गेले. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. गाडी उलटी चालवली तर पुढच्या आणि मधल्या चाकांचे नुकसान कमी होते. आणि वाट चांगली निवडली तर त्याहून कितीतरी कमी.

डिंगो गॅप

मग नकाशा नव्याने वाचायला घेतला. सुळे दिसत नव्हते, पण सुळे जिथे असतात ती जमीन वरून ओळखता येत होती. कठीण वालुकाश्माचे पठार हायराइजमध्ये खडबडीत दिसते. सखल घळीत साचलेली वाळू गुळगुळीत दिसते, तिच्यावर लाटांच्या रेघा उमटलेल्या असतात. रोव्हर ज्या-ज्या जमिनीवरून गेला तिथे चाकांचे किती नुकसान झाले, हे आता माहीत होते. तेव्हा कापलेली वाट आणि वरचे चित्र शेजारी ठेवून पुढच्या जमिनीला दर्जे देता आले. जे दिसत नाही त्याचा अंदाज, जे दिसते त्याच्या पोतावरून. माझ्या मते या सबंध प्रकरणातले सर्वांत मोलाचे काम हेच, आणि त्यासाठी एकही नवे उपकरण लागले नाही.

या वाचनातून नैर्ऋत्येकडे एक घळ पुढे आली. तिला मूनलाइट व्हॅली नाव मिळाले. तळ वाळूचा, सुळे कमी. तिच्या तोंडाशी दोन बुटक्या कड्यांमध्ये डिंगो गॅप ही खिंड, आणि खिंडीत सुमारे एक मीटर उंचीचा वाळूचा बांध आडवा.

वाळू म्हटले की या पथकाच्या पोटात गोळा येणे साहजिक होते. ऑपॉर्च्युनिटी २००५ च्या एप्रिलअखेरीस वाळूच्या एका लाटेत रुतला, तो निघाला जूनमध्ये. स्पिरिट २००९ मध्ये मऊ मातीत रुतला तो कायमचाच. मार्च २०१० नंतर त्याचा संदेश आला नाही. म्हणजे एकीकडे चाके हळूहळू फाटणार हे नक्की, आणि दुसरीकडे गाडी एकाच दिवसात कायमची अडकण्याची शक्यता, थोडी पण खरी. इकडे आड, तिकडे विहीर.

जानेवारीच्या अखेरीस रोव्हर बांधासमोर आला. बांध एका दमात ओलांडला नाही. आधी चाके थोडी वर चढवून वाळू किती दबते, चाके किती घसरतात ते पाहिले, पलीकडच्या घळीची छायाचित्रे घेतली. आकडे बरे आले, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१४ रोजी रोव्हर पार झाला. पलीकडे जमीन खरोखरच मवाळ निघाली. १८ फेब्रुवारीला रोव्हर उलटा चालत एका दिवसात १०० मीटर गेला. तीन महिन्यांहून जास्त काळात एवढी मोठी चाल झाली नव्हती.

उलट्या चालीचे तोटेही होते. मागच्या बाजूला अणुऊर्जेचा विद्युतस्रोत बसवलेला आहे, तो कॅमेऱ्यांच्या आड येतो. घळीतून जाताना दोन्हीकडच्या उंचवट्यांमुळे फार दूरचे दिसत नाही, मग चाल आखूड ठेवावी लागते. वाटेचा सरळपणाही गेला. पण एप्रिलच्या सुरुवातीला किंबर्ली गाठली, मे महिन्यात तिथे विंडजाना नावाच्या खडकात भोक पाडले, आणि जूनअखेर रोव्हर उतरण्याच्या त्या लंबवर्तुळाबाहेर पडला.

हिडन व्हॅली

यश आले की तीच युक्ती पुन्हा वापरावीशी वाटते. पुढची वाट अशाच वाळूभरल्या घळींच्या जाळ्यातून काढली होती. मात्र त्यांच्यापर्यंत पोचायला झब्रिस्की नावाचे पठार ओलांडायचे होते, दोनशेहून अधिक मीटर निव्वळ सुळे. जुलैमध्ये ते ओलांडले. चाकांना इजा झाली, पण भीती होती त्यापेक्षा कमी. मग ऑगस्टच्या सुरुवातीला हिडन व्हॅली आली, फुटबॉलच्या मैदानाएवढी लांब.

नकाशात ही घळ आणि मूनलाइट व्हॅली सारख्याच दिसत. फरक चाकांना कळला. डिंगो गॅपमध्ये बांध एकटा होता. सहा चाकांपैकी काहीच एका वेळी चढावर असत, बाकीची घट्ट जमिनीवरून जोर लावत. हिडन व्हॅलीत वाळूच्या लाटा एकामागून एक होत्या, त्यामुळे अनेक चाके एकदमच सैल वाळूत चढत होती. चाके अपेक्षेपेक्षा फार घसरू लागली आणि खोल जाऊ लागली. घळीला बाहेर पडायच्या वाटा दोनच, ईशान्येच्या आणि नैर्ऋत्येच्या टोकाला. कडेच्या उतारापर्यंत वाळूच भरलेली, कडेने निघून जाण्याची सोय नाही. म्हणजे अर्ध्यात अडकलो तर मागेही नाही आणि पुढेही नाही.

पथकाने रोव्हर मागे घेतला. या निर्णयात मला दम दिसतो. पठारावरची चाकांची किंमत मोजून इथवर आलो, आता थोडे रेटून पाहू, असा मोह पडणे अगदी स्वाभाविक होते. घळीच्या तोंडाशी उतारावर खडकाची एक फिकट फरशी रोव्हरच्याच चाकाने पूर्वी फुटली होती. परतताना तिला भोक पाडून पाहू, म्हणून प्रयत्न झाला. बोनान्झा किंग असे भारदस्त नाव असलेली ती फरशी छिद्रकाच्या हादऱ्याने हलली, आणि तोही बेत सोडावा लागला.

आता घळीच्या उत्तरेने, पुन्हा सुळ्यांच्याच पठारावरून, पण सर्वांत धारदार दगड चुकवत जायचे ठरले. आणि इथे प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले. भूशास्त्रज्ञांच्या लक्षात आले होते की माउंट शार्पच्या तळाचा जो थर मरी ब्यूट्सपाशी गाठायचा होता, तोच थर अलीकडे पाह्रम्प हिल्स या उघड्या खडकात वर आलेला आहे. मरी ब्यूट्स हे नाव नकाशावर ठळक होते, दोन वर्षे सगळे त्याच दिशेने पाहत होते, पण डोंगर म्हणजे तो थर, ती जागा नव्हे. १९ ते २५ सप्टेंबरच्या आठवड्यात, नेमके सांगायचे तर २४ सप्टेंबर २०१४ रोजी, पाह्रम्प हिल्समध्ये कॉन्फिडन्स हिल्स नावाच्या जागी ६.७ सेंटिमीटर खोल भोक पाडले गेले. माउंट शार्पच्या खडकाचा तो पहिला नमुना. त्याच सुमारास नासाच्या आढावा समितीने या मोहिमेवर ‘चालणे फार, खोदणे कमी’ अशा अर्थाची टीका केली होती. पाह्रम्प हिल्सला थांबून महिनोन्‌महिने तोच उतार पुन्हा पुन्हा पाहिला गेला, तेव्हा ती टीका बरीचशी विरली. मरी ब्यूट्सला रोव्हर पोचला २०१६ मध्ये.

पुढे

झीज थांबली नाही, मंदावली. मार्च २०१७ मध्ये डाव्या मधल्या चाकाचे दोन कंगोरे तुटलेले आढळले. तोवर १६ किलोमीटर झाले होते. चाचण्यांनुसार एका चाकाचे तीन कंगोरे तुटले म्हणजे त्याचे सुमारे ६० टक्के आयुष्य संपले असे धरायचे. त्याच वर्षी रोव्हरला नवी संगणक-आज्ञावली पाठवली. दगडावर चढणाऱ्या चाकाचा वेग ती बाकीच्यांपासून वेगळा ठेवते, त्यामुळे मागचा रेटा कमी बसतो. पृथ्वीवरच्या चाचणीत पुढच्या चाकांवरचा जोर त्याने २० टक्क्यांनी घटला. २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या पुढच्या रोव्हरला मिळालेली चाके जाड पत्र्याची, थोडी अरुंद, आणि १९ ऐवजी ४८ सौम्य वळणाच्या कंगोऱ्यांची आहेत.

क्युरिऑसिटीपुढे तोच पेच २०२२ मध्ये पुन्हा आला. माउंट शार्पच्या उतारावर ग्रीनह्यू पेडिमेंट या पठारावर मार्चमध्ये चढल्यावर दाट पसरलेले सुळे समोर दिसले, मगरीच्या पाठीसारखे म्हणून त्यांना ‘गेटर-बॅक’ म्हणू लागले. ते ओलांडणे अशक्य नव्हते. पथकाने चाकांचा हिशेब केला आणि रोव्हर तिथूनच मागे वळवला. त्याच वर्षी चाकांची पूर्ण तपासणी दर ५०० मीटरऐवजी दर १००० मीटरला करायचे ठरले, कारण तेवढ्या अंतरात आता फारसे बिघडत नव्हते.